दिराच्या पसंतीचा लाइट

आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात मी नर्स होते, तेव्हा गावाहून सायकलनंच ये-जा करायचे. सकाळची ड्यूटी असली की हिवाळ्यात अंधारातच निघावं लागे. सायकलला डायनामो होता. तो चाकाला टेकवला की पायडल जड व्हायचं, आणि ट्रकला वाट द्यायला थांबलं की दिवा विझायचा. म्हणजे ट्रकवाल्याला मी दिसायला हवी, नेमकी तेव्हाच मी गायब. एकदा उसाच्या ट्रॅक्टरनं मला रस्त्याखाली घातलं, गुडघा फुटला. त्या दिवशी ठरवलं, चार्जिंगचा लाइट घ्यायचा.

हे मी घरात बोलले, तिथंच चुकलं. माझा धाकटा दीर नुकताच औरंगाबादहून परतला होता. तिथल्या कारखान्यात काही महिने खोकी चिकटवायचं काम करून आलेला, पण गावात उतरला तो इंजिनिअर होऊनच. त्यानं उघडलेला आमचा रेडिओ पुन्हा कधी वाजला नाही, तरी घरातलं वायरीचं काहीही त्यालाच विचारायचं.

"वैनी, तुमाला त्यातलं काय कळतं? मी येतो संगं. हिंगोलीलाच जाऊ, इथं माल भेटत न्हाई."

नवऱ्यानं मान डोलावली. माझा नवरा शिक्षक. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

हिंगोलीच्या दुकानदारानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि मग शेवटपर्यंत पाहिलं नाही. मी विचारलं, "एकदा चार्ज केला की किती वेळ चालतो?"

तो दिराला म्हणाला, "साहेब, बघायचं कामच न्हाई. जपानी आहे."

"खड्ड्यात आदळला तर बंद पडतो का?"

"ताई, खड्ड्यात घालताच काहून?" आणि दोघं हसले. साहेब म्हटल्यापासून दीर तसाही खुशीत होता. त्यानं लाइट कानाशी हलवून पाहिला, नखानं टिचक्या मारल्या. बाजारात बायका टरबूज बघतात तसं. फरक एवढाच, की बायकांना टरबुजातलं कळतं. शेवटी चंदेरी रंगाचा एक उचलून तो म्हणाला, "हाच बराबर आहे." खोक्यावर बर्फाच्या डोंगरात सायकल चालवणारा गोरा माणूस होता. त्याला कदाचित तो लाइट चालला असेल.

मला नाही चालला. त्याची पकड ढिली, त्यामुळं सगळा झोत वर. रस्त्यावर अंधार आणि लिंबाच्या शेंड्यावर लख्ख उजेड. घुबडांची सोय झाली. दिराला दाखवलं, तर तो म्हणाला, "लांबवर उजेड पडून राहिला, हे बघा ना."

शिवाय या लाइटला आधी लाइट लागायची, आणि भारनियमनात आमच्या गावाला ती मर्जीनं यायची. जी काही यायची तेवढ्यात तो अर्धाच भरायचा. खड्डा आला की विझायचा, वरून चापट मारली की पेटायचा. एका हातानं हँडल धरून दुसऱ्यानं लाइटला चापट्या मारत मी ड्यूटीला जायचे. तक्रार केली तर दीर म्हणाला, "तुमाला वापरता येत न्हाई, वैनी. हळू चालवा."

मग मी कुणाला विचारलंच नाही. ड्यूटी संपवून बाळापूरच्याच एका दुकानात गेले. सायकल बरोबर होती आणि अंधार पडायला लागला होता, ते मला हवंच होतं.

"लावून कुठं बघता? घ्यायचा असंल तर घ्या," दुकानदार शेंगा फोडत म्हणाला.

"लावून बघितल्याशिवाय घेणार न्हाई."

दुकानासमोर गतिरोधक होता. पहिला लाइट त्यावरून नेला, तो विझला. दुसरा विझला नाही, पण त्याचा उजेड आजारी माणसासारखा. शेजारच्या हॉटेलवरचे लोक चहा सोडून बघायला लागले. कामधंदा नसलेल्यांना बाई सायकलवर दिसली तरी पुरतं.

"सिस्टर, सर्कशीत भरती होऊन राहिल्या काय?" एकजण ओरडला.

"सोमवारी इंजेक्शनला येतोस ना तू? ये, मग सांगते."

बाकीचे हसले, तो कपात तोंड घालून बसला.

तिसरा काळा, बोजड, जेवणाच्या डब्याएवढा. बॅटरी वेगळी, काढून नेता येणारी. स्क्रूनं घट्ट बसला आणि झोत थेट डांबरावर पडला. गतिरोधकावरून तीनदा नेला, मुद्दाम जोरात आदळला. हलला नाही. तोच घेतला. बॅटरी दवाखान्यात चार्जिंगला लावायची परवानगी डॉक्टरांकडून घेतली, कारण तिथं जनरेटर होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पहिल्यांदाच मला माझा रस्ता दिसला. पडलेला ऊस, फुटलेली कड, खड्ड्यात झोपलेलं कुत्रं. इतके दिवस मी कशाकशावरून जात होते ते कळलं आणि जरा भीतीच वाटली. समोरून येणारे ट्रक बाजूला व्हायला लागले. सायकलवरच्या बाईला त्यांनी कधी वाट दिली नव्हती. त्यांना वाटलं असेल, मोटरसायकल येऊन राहिली.

दिरानं तो लाइट उलटासुलटा करून पाहिला आणि "वजन जास्त आहे" एवढं बोलला. पण पुढं पाहुणे आले की त्याचा आवाज ओसरीवरून मला आत ऐकू यायचा, "वैनीला तकलीफ होती, मग मीच चांगला बघून लाइट घेऊन दिला." नवरा शेजारीच बसलेला असायचा. तो मान डोलवायचा.

मी पीठ मळत राहायचे. अशा माणसांशी भांडायचं म्हणजे आपला वेळ त्यांच्यावर घालवायचा, आणि मला पहाटे निघायचं असायचं.