बोगद्यातल्या बोटी

डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयला राहायला गेल्यापासून भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही एकाच ठिकाणी न्यायचो. घरापासून तीन तासांवर एक जुना अम्यूझमेंट पार्क होता. आठ उन्हाळ्यांत मी तिथे पंधरा वेळा तरी गेले असेन, आणि एकाही राइडमध्ये बसले नव्हते. मी पिशव्या सांभाळायचे.

हे कुणी ठरवलं नव्हतं. आपल्या लोकांत ते ठरवावं लागत नाही. अमेरिकन बायका राइडच्या तोंडाशी असलेल्या फळीवर पर्स आणि कॅमेरा ठेवून खुशाल आत जायच्या. आमच्या पिशव्यांत दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणच्याची बाटली आणि पाहुण्यांचे जुलै महिन्यातले स्वेटर. यातलं काय कोण चोरून नेणार होतं, देव जाणे. पण पिशव्यांपाशी माणूस हवं, आणि ते माणूस म्हणजे मी.

माझा बाक ठरलेला होता, बोगद्यातल्या बोटींसमोरचा. एक मोठं चाक लाकडी कालव्यातलं पाणी ढकलत राहायचं, आणि चार माणसांची बोट एका दारातून अंधारात शिरून सहा मिनिटांनी दुसऱ्या दारातून बाहेर यायची. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. बाहेर येणारे चेहरे मात्र मी शेकड्यांनी पाहिले होते. आत जाताना एकमेकांवर डाफरणारी जोडपीसुद्धा बाहेर येताना निदान गप्प असायची. ज्यात कधी बसलेच नाही त्या राइडवर माझा जीव जडला होता, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण लोक हसले असते.

ही ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्यांना वाईट दिवस आले होते आणि हे अशाच एका कंपनीत इंजिनियर होते. आठव्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. मुलीच्या खोलीत त्यांची सोय केली होती आणि ती खोली आमच्या खोलीला लागून. अमेरिकेतल्या भिंती म्हणजे पुठ्ठाच. इकडे कुणी खोकलं की तिकडून ‘काढा करून देऊ का’ असा आवाज यायचा.

त्यातच मला एका हॉस्पिटलच्या लॅबमधून नोकरीचं पत्र आलं. नागपूरला मी कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होते. इथे दोन वर्षं संध्याकाळचे क्लास करून टेक्निशियनचं सर्टिफिकेट मिळवलं होतं. सोमवारी सकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मी ह्यांना स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितलं. हे म्हणाले, “बघू.” तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला आल्या आणि विषय संपला. ह्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. पुढचे चार दिवस मी कपाटांची दारं जरा जोरातच लावत होते.

रविवारी सासूबाईंना घेऊन पार्कला गेलो. बोटींच्या दाराशी एक बोर्ड लावला होता. ही राइड जुनी झाली आहे, ती पाडून तिथे नवा रोलर कोस्टर बांधावा की हिचीच दुरुस्ती करावी, याबद्दल लोकांनी मत द्यावं. खाली कार्डं, पेन्सिली आणि एक पेटी. नोकरीचं जे व्हायचं ते होईल, पण निदान माझा बाक तरी जागेवर राहावा असं वाटत होतं.

ह्यांनी उभ्या उभ्या कार्डावर ‘पाडा’च्या चौकोनात खूण केली. लाकूड कुजलंय, मोटर जुनाट आहे, आता सगळं कंप्युटरवर चालतं, असं एक लहानसं व्याख्यानही दिलं. आमची दहा वर्षांची मुलगी उसळली. “नो, बाबा! दे कान्ट,” म्हणून तिने ‘ठेवा’वर खूण केली आणि पेन्सिलीचं टोक मोडलं. सासूबाईंना मराठीतून, इंग्रजीतून दोघांनी आपापली बाजू समजावली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होते? मी आत गेलेच नव्हते.

पहिल्या फेरीला सासूबाई नातीबरोबर बसल्या. बाहेर आल्या, साडीचा काठ सावरत माझ्या बाकाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, मी यात किती वेळा बसले आहे. एकदाही नाही, म्हटल्यावर त्यांनी शेजारी बसत माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

“जा दोघं,” त्या म्हणाल्या. “आत बघण्यासारखं काही नाही. अंधारच आहे नुसता.”

त्या खरं बोलत होत्या. आत कुबट वास होता. प्लास्टरचे बुटके कुदळी घेऊन उभे होते, त्यातल्या एकाचा हात निखळून तार लोंबत होती. छतावर रंगवलेल्या चांदण्यांचे पोपडे निघाले होते. यासाठी मी आठ वर्षं झुरत होते? मला स्वतःचाच राग आला. ‘पाडा’ म्हणणाऱ्या नवऱ्याचं बरोबर निघतंय याचा त्याहून जास्त आला.

शेवटचा बुटका मागे पडला, बोट वळली आणि मिट्ट अंधार झाला. हातभर अंतरावरचे हेसुद्धा दिसेनात. फक्त पाण्याचा आवाज. आणि माझ्या लक्षात आलं, की मे महिन्यापासून आम्ही दोघंच दोघं असे कुठे बसलोच नव्हतो.

“उद्या मी त्यांना हो म्हणणार आहे,” मी म्हटलं. “तुम्ही बघू म्हणालात तरी.”

मला वाटलं, आता दार येईल आणि ऊन येईल आणि हे पुन्हा राहून जाईल.

“मंगळवारी आमच्या सेक्शनमधल्या दोघांना ले-ऑफ केलं,” हे म्हणाले. “पुढच्या यादीत मी असेन.”

“मला सांगितलं का नाहीत?”

“कुठे सांगू? घरात आई आहे. तुला लगेच हो म्हटलं असतं तर का म्हणतोय तेही सांगावं लागलं असतं. तिथे उभ्यानं, आई पाणी पीत असताना.” मग ह्यांनी अंदाजानेच माझा हात शोधला. “घे तू ती नोकरी. मला बरं वाटेल.”

मला रडू आलं. नवऱ्याची नोकरी जाणार हे ऐकून बायकोला हलकं वाटावं, हे कुणाला पटणार नाही. पण मला हलकंच वाटलं. चार दिवस मी ज्याला नकार समजत होते, ती भीती होती, आणि ती आता आम्हा दोघांची होती.

बाहेर आलो तेव्हा सासूबाईंनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. “पाणी उडालं वाटतं,” एवढं म्हणून त्यांनी मला रुमाल दिला.

मी एक कार्ड घेतलं आणि दोन्ही चौकोन कोरे ठेवले. खाली इंग्रजीत लिहिलं: बुटके काढून टाका, चांदण्या रंगवा, मोटर, बोटी, हवं ते बदला. पण शेवटच्या वळणानंतरचा अंधार आहे तसा ठेवा आणि एक मिनिटही कमी करू नका. हे खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, कारण लिही, नुसतं मत कुणी विचारात घेत नाही. मी कारण लिहिलं: आमच्या घरी नेहमी पाहुणे असतात.

सोमवारी आठ वाजता मी लॅबला फोन केला. डिसेंबरात ह्यांची नोकरी गेली. सासूबाई त्याआधीच परत गेल्या होत्या, त्यांना आम्ही पत्राने कळवलं. हे मुलीचा डबा भरायला शिकले, मी बर्फात ड्राइव्ह करायला शिकले आणि पुढच्या जूनमध्ये ह्यांना एका छोट्या कंपनीत काम मिळालं.

जुलैत आम्ही पार्कला गेलो. राइड जागेवर होती. माझ्या कार्डाने असं झालं म्हणण्याइतकी मी खुळी नाही, पण बुटके गेले होते. त्यांच्या जागी मान हलवणारी अस्वलं आणि वटवाघळं होती, बोटी नव्या होत्या, मोटरचा आवाज येत नव्हता. हे त्या मोटरवर भलतेच खूश झाले. शेवटचं अस्वल मागे पडलं, बोट वळली, आणि मी श्वास रोखून धरला.

अंधार तस्साच होता.

यावेळी मला सांगण्यासारखं काही नव्हतं. वर्षभरात आम्ही सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावरच बोलायला लागलो होतो. ह्यांनाही काही सांगायचं नव्हतं. आम्ही नुसते बसून राहिलो. दाराचा उजेड दिसायला लागला तेव्हा हे म्हणाले, “बोलायचं काही नाहीये. तरी पुन्हा एकदा बसू या?”