पोळीशिवायची आमटी

साताऱ्याच्या त्या बोळात राहीबाईंच्या स्वयंपाकाबद्दल दोन मतं होती. शेजारणींचं मत असं की, ही बाई पाण्याला डाळ नुसती दाखवून आमटी करते. सासू बयाबाईंचं मत असं की, दाखवतसुद्धा नाही.

लढाईचे दिवस होते. नवरा हरिबा पलटणीत होता आणि पलटण कुठं होती ते सरकारलाच ठाऊक. मनीऑर्डर यायची तेव्हा यायची. रेशनच्या दुकानात कधी किडका गहू मिळे, कधी नुसतंच दुकानदाराचं तोंड. घरात राहीबाई, दोन पोरं आणि बयाबाई. पैकी बयाबाई एकट्या दोघांचं जेवत आणि चौघांचं बोलत.

एवढ्यावर राहीबाई घर चालवत. मुळा आणला की पाला आधी शिजे आणि मुळा दुसऱ्या दिवसावर जाई. जात्यावर भरडलेल्या कण्या ताकात शिजत. कण्या घरच्या, ताक ज्याच्याकडे घुसळलं असेल त्याच्याकडचं. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला टाकला की त्या पोरांना सांगत, आज नवीन केलंय. हुलग्यांचं माडगं इतक्या वेळा होई की थोरला पोरगा म्हणे, "आये, आज हुलग्यालाच इचार, कटाळा आला का."

या सगळ्याच्या बुडाशी होता जोंधळा. लोणंदजवळच्या गावात दोघा भावांची सामाईक जमीन होती. ती थोरला दीर नानासो कसत आणि हरिबाच्या वाटणीचा जोंधळा दर साल सुगीनंतर साताऱ्याला धाडत. तो आला की वर्ष निघायचं. नाही आला, तर कण्याही नाहीत. नानासो लबाड नव्हते. समोरच्याची गरज तेवढी ते स्वतः ठरवत आणि ती नेहमी कमीच भरे. होळीला ते साताऱ्याला यायचे ते सणासाठी कमी आणि घरातली डबडी डोळ्यांखालून घालायला जास्त.

त्या होळीला सकाळी शेजारच्या विनोदिनीकाकूंकडे पुरण शिजलं. पुरणाच्या डाळीवरचं पाणी म्हणजे येळवणी. त्याची आमटी पोळीच्या जोडीला करायची, ही घराघरातली रीत. काकूंकडे माणसं थोडी आणि येळवणी पातेलंभर. उरलेलं घेऊन काकू मोरीकडे निघाल्या तेवढ्यात राहीबाई तपेलं घेऊन आडव्या आल्या.

"काकू, वतू नगा. ह्यात वता."

"अगं, नुसतं पाणी आहे ते."

"असूं द्या. आमच्यात त्यालाच जेवण म्हंत्यात."

काकूंनी सोवळं सांभाळून उंचावरून धार धरली.

राहीबाईंनी चुलीत कांदा भाजला. जपून ठेवलेला खोबऱ्याचा तुकडा वाटला, चिंच कोळून घातली, गुळाचा खडा नावाला सोडला. आमटीला उकळी फुटली आणि वास बोळाच्या तोंडापर्यंत गेला. तिथं नेमके नानासो येत होते.

येळवण्याच्या आमटीचा वास आला की आपल्याकडचा माणूस पोळी धरूनच चालतो. नानासोही धरून चालले. पायरीवर वहाणा काढता काढताच म्हणाले, "आये, पोळ्या व्हय? आमी गावाकडं सणाला तोंडात गुळाचा खडा टाकून गप बसतोय, आन् तुमी हितं पोळ्या लाटताय. लय बरं चाललंय की."

आत राहीबाईंचा हात उलथन्यावर थांबला. असं म्हणणाऱ्या माणसाकडून जोंधळा येत नसतो.

बयाबाईंना मात्र घरची शान आठवली. "मग! माजा हरिबा पलटनीत हाय. बस, पोळ्या व्हत्यात."

नानासो भिंतीला टेकून बसले. भाकरी पुढं केली तर हातानं सारली. "पोळीची वाट बघतो की. घाई न्हाई."

काकूंकडून चार पोळ्या मागून आणता आल्या असत्या. सासूचं नाक राहिलं असतं, जोंधळा गेला असता. राहीबाईंनी विचार केला. नाक काही भाकरीशी कुस्करून खाता येत नाही.

थोरल्या दिराशी समोर येऊन बोलायची रीत नव्हती. बोलायचं ते दाराआडून, आणि सासूला उद्देशून.

"आत्याबाई, भावजींना म्हणावं, पोळ्या न्हाईत. आमटी तेवढी हाय. तिचं येळवणी शेजारच्या काकू मोरीत वतत हुत्या."

"घालवलीस की गं अब्रू सणासुदीची!" बयाबाई ओरडल्या.

नानासोंनी भाकरी ओढून घेतली, कुस्करली, वर आमटी ओतली. मग आणखी एक. मग आणखी. शेवटी मिशा पुसून त्यांनी निकाल दिला.

"आये, सून गुणाची हाय तुजी. टाकलेल्या पान्यावर घर जेवू घालती. हिला एवढा जोंधळा कशाला? औंदा निम्माच धाडतो."

एवढी महागाची शाबासकी राहीबाईंना आजवर मिळाली नव्हती. त्यांनी फळीवरून बयाबाईंचं गाठोडं काढलं, त्यात दोन लुगडी घातली, वर पानाची चंची ठेवली आणि गाठोडं उंबऱ्याबाहेर सरकवलं.

"आत्याबाई, भावजी बरूबर बोलत्यात. निम्मा जोंधळा म्हंजे निम्मी मानसं. तुमी त्यांच्यासंगट जावा."

बयाबाईंनी शिवी द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर लेकाच्या तोंडाकडे गेली आणि शिवी राहून गेली. लेक घाबरला होता.

"येते की," त्या गाठोडं मांडीवर घेत म्हणाल्या. "तुजी बायकू भाकरी कच्ची ठेवती. मागं सांगितलं तर रडत माहेराला गेली. औंदा बसून शिकवते. सकाळी दूध लागंल मला. आन् खाट माजघरात टाक. मोटार कवा हाय?"

"आये, ऊन लय तापलंय. तुला सोसायचं न्हाई तिकडं."

"मरायचंच, तर थोरल्याच्या दारात मरते की रं!"

नानासो एकटेच परतले आणि पुढच्या बाजाराला गावाहून बैलगाडी आली. जोंधळा पुरता होता, वर तुरीचं बोचकं. बयाबाईंनी पोत्यात हात घातला, दाणे तळव्यावर घेतले आणि बारीक हाय म्हणाल्या. मग सुनेला दम दिला, "माजं गाठोडं फळीवर ठिऊ नगंस. हाताशी असूं दे."

पुढच्या होळीला हरिबा रजेवर आला आणि राहीबाईंनी खरंच पुरण घातलं. पोळ्या मोजक्याच झाल्या. नानासो बोळात शिरले, वास घेतला आणि हसले. "मला नगा शिकवू. भाकरी आना."

भाकरी तयारच होती. नानासोंनी आमटीत कुस्करून पोटभर खाल्ली, ढेकर दिला, हात धुतले. मग दाराआडून आवाज आला.

"आत्याबाई, भावजींना इचारा, पोळी वाढू का?"

पोळीच्या दिवशी एवढ्या भाकऱ्या कशासाठी थापल्या, असं हरिबानं रात्री विचारलं. राहीबाई उरलेल्या पोळ्या फडक्यात बांधत होत्या. "पावना यायचा हुता," त्या म्हणाल्या.