पियानोच्या पोटातला वाडगा

मंडळी, आज मी एका बाईंवर ओरडले. तेच सांगायला बसलेय.

बावीस वर्षं मी कॉलेजात पियानो शिकवतेय. माझ्या सगळ्या रचना तिथल्या जुन्या पियानोवरच झाल्या. कोरड्या हवेनं त्याचं लाकूड तडकू नये म्हणून आत पाण्याचा वाडगा ठेवतो. तो भरायचं काम आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या शकीलाबींचं.

सकाळी झाकण उघडलं तर वाडगा कोरडा आणि आतल्या फळीला वीतभर तडा. मुलांसमोरच तडकले, "एवढंसं काम होत नाही तुमच्यानं?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "रोज भरत होते मॅडम. घरून बाटली आणून. इथल्या नळाला लई दिवस झाले, पाणीच नाय. परवापासून आमचा टँकरबी आला नाय."

त्या बायपासपलीकडच्या नव्या वस्तीत राहतात. तिथं घरं उभी राहिली, पाइपलाइन अजून पोचली नाही.

आमच्या संगीत विभागाचा नळ बंद आहे, हे मला माहीत होतं. प्यायचं पाणी मीही घरूनच नेते. वाडग्यात ते कुठून येतं, हे मात्र कधी विचारलं नाही. मागच्या महिन्यात गोदावरीवर केलेली रचना याच पियानोवर वाजवून टाळ्या घेतल्या.

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम. टँकर आला की आणते."

खरं सांगते, पियानोला पुन्हा पाणी मिळणार म्हणून क्षणभर मला हायसं वाटलं.

तुम्हालाही वाटलं असतं का?