भावोजी रानात हरवत नाहीत

माझ्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल चांगलं लिहायचं म्हटलं तर एका वाक्यात संपेल: ते दारू पीत नाहीत. उरलेलं सगळं खाली लिहितो आहे.

भावोजी ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. दोन गाड्या, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि काचेच्या दारावर त्यांचा स्वतःचा फोटो. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाखाली दुसरा ब्रेक ठेवायचा आणि दिवसभर ओरडायचं, हे त्यांचं काम. ‘आरसा बघा, आरसा! भांग पाडायला दिलाय का तो?’ आमच्याकडची निम्मी माणसं त्यांच्याकडे शिकली आणि त्यातली निम्मी रडून घरी गेली. ब्रेक मारायची सवय तर अशी अंगात मुरली आहे, की घरात कुणी बोलायला लागलं तरी दुसऱ्या वाक्याला त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जातो. बायकोला मात्र त्यांनी गाडी शिकवली नाही. ‘हिला डावं-उजवं कळत नाही,’ असं ते पाहुण्यांसमोर सांगतात आणि ताई चहाचा ट्रे धरून हसते.

मी कवळ्या आणि दात बनवतो. भावोजींची एक दाढ माझ्याच हातची आहे. ती त्यांना गेली सहा वर्षं जरा उंच वाटते.

हा माणूस ओरिएंटियरिंगच्या नादाला लागला तो डॉक्टरमुळे. रोज चाला म्हणाले डॉक्टर, आणि नुसतं चालायला यांना कमीपणा वाटला. चालण्यातसुद्धा कुणाला तरी हरवता आलं पाहिजे. मग कुणीतरी या खेळाचं नाव काढलं. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं आणि रानात लावलेली निशाणं ठरलेल्या क्रमाने शोधत पळायचं. निशाण म्हणजे पांढरं-नारिंगी कापड, त्यावर आकडा आणि बाजूला एक डबी. बोटाला अडकवलेली चिप डबीत घातली की ‘पिंक’ वाजतं, म्हणजे तुम्ही तिथे पोचलात. प्रत्येक गटाचा मार्ग वेगळा, निशाणंही वेगळी. म्हणून चिप घालण्याआधी निशाणावरचा आकडा आपल्या नकाशावरच्या आकड्याशी ताडून बघायचा. एवढंच. लहान मुलंसुद्धा करतात.

भावोजी रानात हरवत नाहीत. हे त्यांनी पहिल्याच रविवारी जाहीर केलं, दुपार उलटल्यावर, पँट फाटलेली आणि केसांत काटे अशा अवस्थेत. नकाशा चुकीचा होता. पुढच्या वेळी ओढाच जागेवर नव्हता. त्याच्या पुढच्या वेळी कुणाच्या तरी फोनमुळे होकायंत्र फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं, पण यांचं अंगण दर रविवारी नवीन असायचं. स्पर्धा भरवतात त्या भूगोलाच्या एक निवृत्त बाई. दर वेळी भावोजी त्यांच्याशी भांडायचे आणि बाई शांतपणे म्हणायच्या, ‘टेकडी मी हलवलेली नाही हो.’

एकदा त्यांना कप मिळाला. तिसरा नंबर. गटात तिघंच होते. तो कप त्यांनी स्कूलच्या टेबलावर ठेवला आहे, समोर बसणाऱ्याला दिसेल असा वळवून.

या सगळ्यात ताई कुठे होती? दोरीपाशी. या मंडळींचा एक रिवाज आहे. पळणारा घामाने भिजून येतो आणि थांबला की कुडकुडायला लागतो. म्हणून त्याचं जाकीट घेऊन घरच्या कुणीतरी स्पर्धा संपते तिथल्या दोरीपाशी उभं राहायचं. दोघंही पळत असतील तर जो आधी येईल त्याने दुसऱ्यासाठी थांबायचं. वर्षानुवर्षं ताई त्या दोरीपाशी उभी राहिली. हातात जाकीट, कोरडे मोजे, चहाचा थर्मास. भावोजी आले की पहिलं वाक्य, ‘चहा निवला वाटतं.’

मग भूगोलाच्या बाईच एकदा म्हणाल्या, ‘अहो, नुसत्या उभ्या कशाला? तुम्हीपण पळा की.’ ताई गेली आणि सगळी निशाणं शोधून परत आली. भावोजी अजून रानातच होते. मी विचारलं, ‘कसं काय गं जमलं?’ तर म्हणाली, ‘काही नाही रे. कळेनासं झालं की मी थांबते. नकाशा बघते. मग पुढे जाते.’ इतकं सोपं होतं ते. त्या दिवसापासून रविवार हा ताईचा दिवस झाला. आठवडाभर दवाखान्याच्या खिडकीत बसून लोकांना नंबर देणारी माझी बहीण रविवारी गालावर ओरखडे घेऊन यायची आणि खुशीत असायची. लग्नानंतर तिला एवढ्या खुशीत मी पाहिलं नव्हतं.

भावोजींना ते बघवेना. ‘बायकांचा मार्ग सोपा असतो,’ हे झालं. ‘आता घराकडे कोण बघणार,’ हेही झालं. शेवटी म्हणाले, ‘मी गाडी काढली नाही तर जाशील कशी?’ रान शहराबाहेर लांब, आणि गाडी यांची. पण मोसमातली शेवटची स्पर्धा राहिली होती. ती पळू दे, मग बंद, असं ठरलं. म्हणजे भावोजींनी ठरवलं.

त्या दिवशी बोचरं वारं सुटलं होतं. मी दोरीपलीकडच्या तंबूत चिपांच्या मशीनपाशी बसलो होतो. हे काम ताईने माझ्या गळ्यात मारलं होतं. ताई आधी सुटली, भावोजी तिच्यानंतर. आणि कमाल म्हणजे भावोजी लवकर परत आले. छाती पुढे, हनुवटी वर. चिप मशीनमध्ये घातली. मशीनमधून कागद आला. त्यावर लिहिलं होतं, ‘अपात्र’.

‘हे काय?’ भावोजी.

‘भावोजी, मधली तीन निशाणं तुमची नाहीत. बायकांच्या मार्गावरची आहेत.’

‘मशीन बिघडलंय तुझं.’

भूगोलाच्या बाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. ‘तिन्ही ओळीने आहेत. म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी मागून गेलात. ती जिथे चिप घालेल तिथे तुम्ही घातलीत. आकडा एकदाही वाचला नाहीत.’

या खेळात चुकण्याची लाज नाही. दुसऱ्याच्या मागे मागे पळणं मात्र म्हणजे परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघणं, आणि यांनी तर शेजारणीचा पेपर वेगळ्याच विषयाचा आहे हेसुद्धा बघितलं नव्हतं. मी हसलो. मोठ्याने हसलो, आणि फार बरं वाटलं.

‘तिनेच मुद्दाम केलं!’ भावोजी ओरडले. ‘मला बघितलं आणि वाट वाकडी केली.’

चोराच्या उलट्या बोंबा. मी म्हटलं, ‘बरं, ताई येईलच आता. तिचं जाकीट घेऊन दोरीपाशी जा.’

‘मी? तिच्यासाठी? सगळे बघतायत इथे!’

आणि ते गेले. दोरीकडे नाही, गाडीकडे. मला वाटलं जाकीट आणायला निघाले. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा मी धावलो, पण धुळीशिवाय काही दिसलं नाही. ताईचं जाकीट, कोरडे बूट, फोन, पर्स, सगळं डिकीत होतं.

ताई आली ती भिजून, गुडघ्यापर्यंत चिखल. तिच्या गटात पहिली. दोरी ओलांडली आणि इकडेतिकडे बघितलं. ‘हे कुठेयत? लागलं का रे त्यांना कुठे?’

तिच्या मनात आधी हे आलं. त्या क्षणी तो माणूस समोर असता तर मी त्याचे खरे-खोटे सगळे दात घशात घातले असते. जे झालं ते मी सांगितलं. भूगोलाच्या बाईंनी स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर घातला.

ताईने कोटाची बटणं लावली. मग म्हणाली, ‘मागच्या झुडपात सारखं काहीतरी सळसळत होतं. मला वाटलं रानडुक्कर. म्हणून तर मी एवढी पळाले.’

तंबूत एकच हशा उसळला. ताईही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

तिला स्कूटरवर मागे बसवून घरी आणलं. भावोजी आंघोळ करून सोफ्यावर बसले होते. ‘थर्मास तिथेच विसरलीस ना?’ म्हणाले. पडलो तरी नाक वर.

‘अहो,’ ताई म्हणाली, ‘मी इतकी वर्षं त्या दोरीपाशी उभी राहिले. तुम्हाला एक दिवस उभं राहवलं नाही?’

‘तुला कोणी सांगितलं होतं उभं राहायला?’

ताईने बाईंचा कोट काढून त्याची घडी घातली. ‘खरंय,’ म्हणाली. ‘कोणीच नव्हतं सांगितलं.’

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी मी कवळ्यांचा डबा पोचवायला स्कूलच्या रस्त्याने निघालो होतो. भावोजींच्या स्कूलच्या बरोब्बर समोर दुसरं ड्रायव्हिंग स्कूल आहे. ते चालवणारी बाई भावोजींकडेच शिकली आणि भावोजींमुळेच रडली होती. तिची गाडी दारात उभी होती, छपरावर ‘शिकाऊ’ अशी भली मोठी पाटी. चालकाच्या जागेवर ताई.

मी खिडकीशी वाकलो. ‘अगं, इथेच? त्यांच्या नाकासमोर?’

‘इथून रान जवळ पडतं,’ ताई म्हणाली. ‘रविवारी मला कोणाच्या गाडीची वाट बघायची नाही.’ मग मान बाहेर काढून तिने समोर हाक दिली, ‘अहो, उशीर झाला तर वाट बघा हं!’

शेजारी बसलेल्या शिकवणाऱ्या बाईने दोन्ही पाय ब्रेकपासून लांब घेतले. ताईने आरशात पाहिलं, हात दाखवला आणि गाडी हळूच रस्त्यावर घेतली.

काचेच्या दारात, स्वतःच्या फोटोमागे, भावोजी उभे होते. त्यांचा उजवा पाय फरशीवर घट्ट दाबलेला होता, आणि गाडी चालली होती.