मथळा वगळून पुरस्कार

अकोल्याहून निघताना आईने बजावलं, पुण्यात फार बोलू नकोस. पुणेकर बोलू देतात तर ना! स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला विचारलं, टिळक रस्ता कुठे आहे हो? तो म्हणाला, होता तिथेच आहे.

मी आले होते पत्रकार संघाचा विद्यार्थी पत्रकारितेचा पुरस्कार घ्यायला. कॉलेजच्या अंकात मी लिहिलं होतं, की पुण्यातल्या एका कॉल सेंटरची गाडी रात्रपाळीच्या मुलींना दारात न सोडता हमरस्त्यावर उतरवते. हे मला ताईने सांगितलं होतं, कारण ती तिथेच नोकरीला होती. तिचं किंवा कंपनीचं नाव मी छापलं नव्हतं.

ताई बुधवार पेठेत भेटली. आम्ही मिसळ खाल्ली. तर्री (वरचा तिखट तवंग) मागितली, तर वेटर म्हणाला, ही तर्रीच आहे. आमच्या वऱ्हाडात हिला वरण म्हणतात!

आम्ही दोघी सभागृहात पोचलो, तसं संघाच्या कार्यवाहांनी मला बाजूला घेतलं. "आपण तुमच्या बातमीचा मथळा वाचायला नको. प्रायोजक पुढच्या रांगेत बसलेत." प्रायोजक म्हणजे ताईचीच कंपनी. हात्तिच्या! बातमीला बक्षीस द्यायचं आणि बातमीच गिळायची? तिकडे मंचावर त्याच समारंभात चित्रपटवाल्यांचे सत्कार चालू होते. शाल, श्रीफळ, भाषण, आणि प्रत्येक चित्रपटाचं नाव दोन-दोनदा.

माझं डोकं फिरलं होतं, पण नोकरी ताईची होती. मी तिला म्हटलं, जाऊ दे, गप्प बसते.

"काऊन (का) वं गप बसतेस?" ती म्हणाली. "रस्त्यावर मी उतरते, ते पुढच्या रांगेतले नाहीत."

निवेदिकेने माझं नाव घेतलं, गाव घेतलं आणि मथळा गाळला. मी शाल घेतली नि सरळ माइकपाशी गेले. "मथळा राहिला. 'घर गल्लीत, मुलगी हायवेवर.'"

कार्यवाह घड्याळ बघू लागले. मागे एकच बाई उभी राहून टाळ्या वाजवत होती. ती ताई होती. पुढच्या रांगेतले साहेब वळून तिच्याकडे बघत होते. मला तिच्या नोकरीची काळजी वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला.

परतीच्या गाडीत झोप कसली लागतेय! पत्रकार म्हणून सत्कार माझा झाला खरा, पण धोका पत्करला तो ताईने. अकोल्याला पोचले आणि तिचा फोन आला. साहेबांनी बोलावून विचारलं म्हणे, बातमीतली मुलगी कोण?

"मग?"

"सांगितलं, मीच. आणि आज गाडी दारापर्यंत आल्याशिवाय उतरणार नाही, हेही सांगितलं."