खिशातले हात

मुलांनो, कोहमाऱ्याच्या ढाब्यावर इंजिनिअरिंगचे एक सर पाहिले. त्यांचे विद्यार्थी धानाची निंदणी करणारं यंत्र स्पर्धेला नेत होते. अंगणात चालवून पाहिलं, तर ते मागेच सरकू लागलं.

“सर, उलटं काऊन जाऊन राहिलं? तुम्हीच पाहा ना,” एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

सरांनी दोन्ही हात खिशात घातले. “मी पाहीन, तं उद्या परीक्षकासमोर कोण पाहीन? काल काय खोललं, ते सांग.”

“मोटर...” म्हणत ती थांबली. मोटरच्या तारा उलट्या जोडल्या होत्या. तिने त्या बदलल्या आणि यंत्र पुढे निघालं.

सरांनी हात बाहेर काढले. तळवे घामाने ओले होते. “भाऊ, चाय ठंडी हो गई, दूसरी देना,” ते ढाबेवाल्याला म्हणाले.

मी म्हटलं, “दोन सांगा. माझाही तसाच राहिला.”