बॉलरचं बिऱ्हाड

आमचे मालक चेंडू टाकून पोट भरायचे. निंबर्ग्याला माझ्या माहेरी हे लग्नानंतर कळलं, तेव्हा बापानं कपाळावर हात मारला. निजामाच्या राज्यात हौशी अंमलदार नि जहागीरदार आपापली क्रिकेटची टीम बाळगायचे. चांगला बॉलर दिसला की एकमेकांकडून फोडून न्यायचे. त्यापायी गुलबर्गा झालं, हैदराबाद झालं, मग बीदर. दर गावी मी चूल घातली आणि ती नीट वाळायच्या आत मोडली. खेळ थंडीतला, म्हणून येळवशीच्या सणाला बापाच्या शेतात बसून भज्जी-आंबील खाणं कधी नशिबी आलं नाही. मालक म्हणायचे, साहेब लोक मला मागून नेतात. बाजारात बैलही मागूनच नेतात.

बीदरला त्यांचा उजवा खांदा सुजला. वैद्यानं महिनाभर हात हलवू नका म्हणून बजावलं. मी रोज तिळाचं तेल कोमट करून लावत होते. सदरा घालतानासुद्धा ते ओठ आवळायचे. अशात साहेबांची मोठी मॅच आली. सकाळीच टांगा दारात उभा राहिला. शिपाई बोलवायला आला, तशी मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले.

"हात वर न्हाई जायलाय त्यांचा. साहेबास्नी म्हणावं, आज दुसरा गडी बघा."

तेवढ्यात आतून मालकच आले, बूट चढवून.

"तुला कामून बोलायचं मधी? चल रे, मी यायलोय."

दिवसभर साहेबांनी त्यांच्या हातचा चेंडू काढून घेतला नाही. टीम जिंकली. संध्याकाळी दोघांनी धरून मालकांना घरी आणलं. मागून साहेबांची मिठाई आली. हात तोंडापर्यंत जाईना, म्हणून मी घास भरवत होते, आणि हे कुणाला कसं बाद केलं ते हसत सांगत होते. मी उठले, राहिलेली मिठाई परसात गाईपुढं टाकली.

खांदा काही बरा झाला नाही. मग साहेबांचा निरोप आला, दिलेलं घर खाली करा, नवा बॉलर यायचाय. मी तशीच बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांना मराठी कळेना, म्हणून जमेल तशा दक्खनीत बोलले.

"उनका हाथ तुम खा गये, साब."

चपराशानं मला फाटकाबाहेर काढलं. गावी येईपर्यंत मालक एकच बोलत राहिले, साहेबांपुढं माझी अब्रू घालवलीस.

निंबर्ग्यात ते माझ्या बापाच्या शेतात डाव्या हातानं तुरी कापायला शिकले. पाहुणा आला की बीदरची मॅच रंगवून सांगायचे. मी उठून आत जायचे. ते जाऊनही आता वर्षं झाली. साहेबांवर राग आहेच, पण तो परक्या माणसावरचा. यांच्यावरचा काही केल्या उतरत नाही.